किलोमीटर कमी, तरी ब्रेक खराब: गोव्यात नव्याने गाडी वापरणाऱ्यांसाठी

गोव्यात बदली होऊन आलेली किंवा इथेच पहिली गाडी घेतलेली मंडळी ब्रेकचा विषय निघाला की हमखास म्हणतात, "अजून पंधरा हजारच तर झालेत, ब्रेकला काय होतंय?" घाटावरच्या कोरड्या हवेत हे बऱ्यापैकी खपून जातं, इथे मात्र नाही. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्यालगत बारा महिने खारी हवा. डिचोली, साखळी, कुडचडे, सांगे या खाणपट्ट्यात लाल धूळ, आणि पावसात तिचाच चिखल. ब्रेकचे पॅड गाडी चालल्यामुळे झिजतात हे खरं, पण त्यांच्याभोवतीचं लोखंड, म्हणजे डिस्क, ड्रम, कॅलिपरच्या पिना, हँडब्रेकची केबल, हे सगळं गाडी उभी राहिल्यानेच जास्त खराब होतं. मिरामारला इमारतीखाली आठवडाभर उभी राहून फक्त रविवारी बाहेर पडणारी गाडी रोज फोंडा ते पणजी धावणाऱ्या गाडीपेक्षा ब्रेकच्या बाबतीत जास्त संशयास्पद समजावी.

म्हणून सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. वर्षातून दोनदा ब्रेक बघून घ्यायचे: एकदा मे महिन्यात पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर. यातलं बरंचसं तुम्हाला स्वतःला घरीच बघता येतं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही, टॉर्च आणि अर्धा तास पुरे.

आधी थोडी ओळख. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढच्या चाकातली चकचकीत चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात, आणि पॅडना दाबणारा जो लोखंडी पंजा तो कॅलिपर. मागच्या चाकात बंद डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना गॅरेजात 'शू' किंवा 'लायनर' म्हणतात. पाय दाबला की ब्रेक ऑइलमार्फत तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे साठ-सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात आणि पॅड आधी पुढचेच संपतात.

घरच्या घरी, गाडी न हलवता

सुरुवात पॅडलपासून. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पॅडल कडक होत जाईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली बसलं पाहिजे. बसलं म्हणजे बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतो आहे. अजिबात बसलं नाही आणि दगडासारखं घट्टच राहिलं, तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या पाइपमध्ये दोष आहे. अशा गाडीचे ब्रेक लागतात, पण दुप्पट ताकद लावून. ऐन वेळी ती ताकद प्रत्येकाच्या पायात असेलच असं नाही.

त्यानंतर इंजिन चालू असतानाच पॅडल बऱ्यापैकी जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते जागच्या जागी राहायला हवं. हळूहळू खाली सरकत जमिनीकडे जायला लागलं, तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची (पॅडलचा दाब ऑइलला देणाऱ्या नळकांड्याची) रबरं आतून गेली आहेत. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पॅडल दाबताना स्पंजासारखं लागत असेल आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे. ती हवा काढावी लागते, आणि मुळात शिरली कुठून ते शोधावं लागतं.

मग बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला, काचेच्या जवळ, पांढरट प्लास्टिकची लहान टाकी असते. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. ऑइल या दोहोंच्या मध्ये हवं. इथे नवीन माणसाची एक गैरसमजूत होते. पातळी खाली गेली की वरून ऑइल ओतून मोकळं व्हायचं. पण पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन, म्हणजे पॅडना ढकलणारे दट्टे, बाहेर सरकतात आणि ऑइल तिकडे उतरतं, म्हणजे पातळी हळूहळू कमी होणं ही बऱ्याचदा पॅड झिजल्याचीच खूण असते. आधी पॅड बघा. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल, तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओले डाग शोधा.

ऑइलचा रंगही बघा. नवं ऑइल फिकट सोनेरी, जवळजवळ पारदर्शक असतं. काळपट चहासारखं दिसू लागलं की बदलायची वेळ उलटून गेली आहे. पण रंग चांगला म्हणजे ऑइल चांगलं असंही नव्हे. गोव्याच्या हवेत याचं महत्त्व जास्त, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आपल्याकडे सर्रास वापरात असलेलं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. साध्या रस्त्यावर फरक जाणवत नाही. घाट उतरताना ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल पार तळाला जातं. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्यावं. टाकीच्या झाकणावर कोणतं डॉट लिहिलंय ते वाचा आणि तेच घाला. डब्याचं सील तुमच्या समोर फोडायला सांगा. गॅरेजच्या कोपऱ्यात पावसाळाभर अर्धवट उघडा राहिलेला डबा नको. आणि हो, हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता चाकांकडे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढचं चाक बाहेर येतं आणि मागून आत बघता येतं. टॉर्चच्या उजेडात डिस्कला चिकटलेला पॅड शोधा. पॅडची लोखंडी पाटी सोडून उरलेला मसाला मोजायचा. नव्या पॅडला तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ वर आला की बदलायचा, त्याच्या आत गेल्यावर वाट बघण्यात अर्थ नाही. बाहेरचा पॅड दिसायला सोपा, आतला कठीण, आणि पुष्कळदा आतलाच आधी संपतो. एक पॅड जाडजूड आणि त्याच चाकातला दुसरा पातळ दिसला, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना गंजून अडकल्या आहेत असं समजा. बायणा, कोलवा, शिवोली अशा किनाऱ्याकडच्या गाड्यांत हे फार दिसतं. अशा वेळी नुसते नवे पॅड घालून उपयोग नाही. पिना साफ करून ग्रीस लावली नाही तर नवे पॅडही तसेच तिरके झिजतील.

डिस्कच्या कडेवरून, ती गार असताना, नख फिरवा. कड उंच झालेली लागली तर मधला भाग झिजलाय. किती झिज चालेल ते डिस्कवरच, बहुधा तिच्या कडेला किंवा मधल्या भागावर, किमान जाडी म्हणून कोरलेलं असतं. ते गॅरेजवाल्याला व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या साधनाने, मोजायला लावा. पृष्ठभागावर खोल चरे, निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर डिस्क बदलणं हाच उपाय.

मागचे ड्रम बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे लोक त्यांना विसरतात. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ड्रम उघडून साफ करायला सांगाच. खाणपट्ट्यातल्या गाडीचा ड्रम उघडला की आतून लाल भुकटी मूठभर निघते. ती फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढू द्या. ही धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

रस्त्यावर

सकाळी लवकर, मोकळा आणि सरळ रस्ता निवडा. तीस-चाळीसच्या वेगात, मागे कोणी नाही याची खात्री करून, मध्यम जोराने ब्रेक लावा. स्टिअरिंग सैल धरा पण सोडू नका. गाडी एका बाजूला ओढली गेली तर एका चाकाचा ब्रेक जास्त लागतोय किंवा दुसऱ्याचा कमी. टायरमधली हवा आधी तपासा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो. पॅडल पायाखाली थडथडत असेल आणि स्टिअरिंगही हलत असेल, तर पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही. फक्त सीटखाली थरथर जाणवली तर मागचे ड्रम बघा.

एक थरथर मात्र नादुरुस्तीची नव्हे. ओल्या रस्त्यावर किंवा चिखलात अचानक जोरात ब्रेक दाबला की एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम सुरू करतं, पॅडल पायाला धक्के देतं आणि खटखट आवाज येतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे हल्लीच्या गाडीत हे होणारच. त्या वेळी घाबरून पाय काढायचा नाही. दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची.

आवाजांत फरक करायला शिकलात की अर्धं काम झालं. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी गाडी काढताना पहिल्या चार-दोन ब्रेकना खरखर येते. डिस्कवर रात्रीत आलेला गंज पॅड घासून काढतात, एवढाच त्याचा अर्थ. एक-दोन किलोमीटरनंतरही तोच आवाज राहिला तर मात्र बघायला हवं. ब्रेक लावताना बारीक, तीक्ष्ण, शिट्टीसारखी चीं येते, ती बहुतेक वेळा पॅडला मुद्दाम बसवलेली लोखंडी जीभ डिस्कला लागल्याची असते. पॅड संपत आल्याची ती सूचना, आता आठवड्याभरात गॅरेज गाठा. आणि खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज आला तर मसाला संपून पाटी डिस्कला लागली आहे. आता प्रत्येक ब्रेकला डिस्क सोलली जातेय आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळतोय. तिथेच थांबलेलं बरं.

ब्रेक न लावताच चाकातून सतत घासल्याचा आवाज येत असेल, मायलेज उगाच उतरलं असेल, किंवा थांबल्यावर करपट वास येत असेल, तर एखादा ब्रेक चिकटून बसला आहे. याची सोपी परीक्षा अशी: ब्रेक फारसे न वापरता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, सावकाश थांबा, आणि चारही चाकांजवळ तळहात न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं की कॅलिपरचा पिस्टन किंवा मागचा शू जाम आहे.

हँडब्रेकची परीक्षा उतारावरच होते. रस्त्यावर पुढे-मागे कोणी नसताना, पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा आणि पाय हळूहळू उचला. गाडी जागेवर राहिली पाहिजे. ओढताना आधीपेक्षा जास्त खटके घेत असेल तर केबल ताणून घ्या किंवा शू बघा. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीची वाट बघत ओल्या, शेवाळलेल्या उतारावर रांगेत उभं राहायची वेळ आली की याचं महत्त्व आपोआप पटतं. तिथे पुढच्याच्या बंपरवर जाऊन टेकण्यापेक्षा आधी तपासलेलं बरं.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही पेटलेला राहिला तर ऑइलची पातळी लगेच बघा. पिवळा एबीएसचा दिवा पेटला तर साधे ब्रेक लागत राहतात, पण एबीएसचा आधार नसतो. बऱ्याचदा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर सुटलेली असते.

पाऊस, घाट आणि बंद घर

पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातून बाहेर पडल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही असं वाटतं, विशेषतः मागच्या ड्रमना. पाण्यातून निघाल्याबरोबर हळू वेगात, मागचं वाहन बघून, पॅडल दोन-तीनदा हलकं दाबून धरा. उष्णतेने ब्रेक वाळतात. पावसाळ्यात पायाखाली वर्तमानपत्र किंवा जादा मॅट घालायची आपल्याकडे सवय आहे. ती सरकून पॅडलखाली गेली तर सगळे ब्रेक चांगले असून उपयोग नाही. ओली रबरी चप्पलही काढूनच बसा.

घाटांच्या बाबतीत आपण वेढलेलेच आहोत: बेळगावला जाताना चोर्ला, मोलेच्या पुढे अनमोड, काणकोणला जाताना करमल घाट. चढण इंजिनाची परीक्षा बघते, उतरण ब्रेकची. साधा हिशेब करा. १२०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा इंजिनाची मदत न घेता सगळा भार ब्रेकवर टाकला, तर जवळपास ५९ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला ४ लाख ६३ हजार ज्यूल लागतात. म्हणजे तो उतार उतरणं हे शंभरच्या वेगातून पाठोपाठ बारा-तेरा वेळा करकचून थांबण्यासारखं झालं. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर लो किंवा मॅन्युअलवर टाका. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. जरा जोराने दाबून वेग कमी करा आणि सोडा, पुन्हा दाबा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजूनही आहेत; त्यांच्या गाडीत बसू नये हे माझं स्पष्ट मत.

उतरताना पॅडल नेहमीसारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, शिवाय करपट वास येतो, म्हणजे पॅड तापले आहेत. पॅडल मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे ऑइल उकळलंय. दोन्ही वेळी खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा आणि ब्रेक गार होईपर्यंत निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. ऑइल उकळलं असेल तर गार झाल्यावर पॅडल परत येतं, म्हणून विसरू नका. पहिल्याच गॅरेजात ऑइल बदला.

बंद घराचा प्रश्न इथे खास आहे. घरचे लोक आखातात किंवा बोटीवर, गाडी अंगणात ताडपत्रीखाली. महिनोन्महिने हँडब्रेक ओढून ठेवली की दमट हवेत शू ड्रमला चिकटतात, आणि सुट्टीवर आलेला माणूस गाडी काढतो तेव्हा मागची चाकं फिरतच नाहीत. जास्त दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर ठेवा, पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि हँडब्रेक सोडा. शेजाऱ्याकडे किल्ली द्या. त्याने आठवड्याला एकदा पाच-सात किलोमीटर फिरवली तरी डिस्क घासून स्वच्छ राहतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. मोटरच गाडीचा वेग उतरवते, त्यामुळे त्यांचे पॅड फार कमी लागतात आणि डिस्क इथल्या हवेत गंजत राहते. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर जरा जोराने ब्रेक लावणं त्यांना गरजेचं.

गॅरेजात

तिथे गेल्यावर "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. काय जाणवलं, कोणत्या वेगात, कोणत्या बाजूला, गार असताना की तापल्यावर, ते सांगा. "बाब, पॅड संपले, बदलतो" असं उत्तर आलं तर चाक काढून दाखवायला सांगा. चांगला मेस्त्री यावर नाराज होत नाही. पॅड नेहमी एकाच अक्षावरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे कधीच नाही. आवाज बंद करण्यासाठी पॅडला पॉलिश पेपर मारून परत बसवण्याचा सल्ला मिळाला तर मसाल्याची जाडी आधी मोजायला लावा. पिना, पिस्टनची रबरं, हँडब्रेकची केबल हे पॅडसोबतच बघून घ्या, कारण चाक परत उघडायची मजुरी परत द्यावी लागते. सुटा भाग सीलबंद खोक्यातला हवा, आणि जुने काढलेले भाग गाडीत ठेवायला सांगा.

नवे पॅड बसवल्यावर निघण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, आणि गॅरेजच्या दारातच लोक समोरच्या स्कूटरवर जातात. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवा. दर खेपेला मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून ते गार करा, आणि लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका. पहिले दोनेकशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा. बेळगावला जायचं असेल तर पॅड निघायच्या आदल्या संध्याकाळी बदलू नका, आठवडाभर आधी बदलून घ्या.